निद्रिस्त मुलखावरचा अंमल
(प्रस्तावना)

माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीतील जग एका हद्दीपासून दुसऱ्या हद्दीपर्यंत सुमारे सहा कोटी ठोकळे लांब आणि तितकेच रुंद असते. सोळा ठोकळे लांब व सोळा ठोकळे रुंद अशा चौरस खंडांत, ज्यांना खेळणारे लोक चंक या नावाने ओळखतात, त्याची वाटणी केली तर खंडांची संख्या १४ लाख कोटींच्या घरात जाते. आणि या अफाट विस्तारापैकी कोणत्याही एका क्षणी संगणकाच्या स्मृतीत खरोखर उपस्थित असतो तो खेळाडूच्या अवतीभवतीचा काही शे खंडांचा मुलूख. सर्व्हरची दृष्टिमर्यादा नेहमीची, म्हणजे १० चंकांची, असेल तर एका खेळाडूभोवती २१ गुणिले २१, म्हणजे ४४१ चंक स्मृतीत आणले जातात. उरलेले सारे डिस्कवरील फायलींत बद्ध असते, किंवा त्याची निर्मितीच अद्याप झालेली नसते. अमुक ठिकाणी भिंत उभी कर, तमुक दरवाजा बंद कर, त्या गावातील माणसे दुसरीकडे हलव, अशी एखादी स्वयंचलित आज्ञा या अनुपस्थित मुलखास उद्देशून सुटली तर तिचे काय होते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटला तरी नकाशे रचणाऱ्या, सर्व्हर चालविणाऱ्या आणि खेळातल्या खेळात यंत्रे बांधणाऱ्या कारागिरांना तो वर्षानुवर्षे झुंजवीत आला आहे. आणि प्रस्तुत ग्रंथ सर्वस्वी त्याच प्रश्नाला वाहिलेला आहे.

विषयाची मुळीच ओळख नसलेल्या वाचकासाठी थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. २००९ च्या मे महिन्यात स्टॉकहोम येथील मार्कुस पर्सन यांनी हा खेळ प्रथम लोकांसमोर ठेवला तेव्हा त्यातील जग लहान आणि सर्व बाजूंनी मर्यादित होते, आणि ते सबंधच्या सबंध स्मृतीत मावत असे. २०१० मध्ये जग व्यवहारतः अनंत झाले आणि त्याबरोबरच त्याचे तुकडे पाडून लागेल तेवढेच जवळ बाळगण्याची व्यवस्था अपरिहार्य ठरली. २०२१ च्या १.१८ या आवृत्तीपासून एका चंकाची उंची ३८४ ठोकळ्यांची आहे, म्हणजे एकेका चंकात ९८,३०४ जागा येतात. आणि असे ३२ गुणिले ३२ चंक एकेका फायलीत साठविले जातात. मामलेदार कचेरीत एखाद्या गावचे दप्तर रुमालात बांधून फडताळात ठेवावे, आणि गावचा कोणी इसम दाराशी आला की पुन्हा सोडावे, तसाच हा रिवाज आहे. मात्र दप्तर बांधल्याने कचेरीबाहेरचे गाव काही जगायचे थांबत नाही, आणि येथे रुमालाची गाठ पडताक्षणी खुद्द गावच थांबते.

हे थांबणे नीट समजून घेतले पाहिजे. खेळाचा काळ टिक नावाच्या क्षणांनी मोजला जातो. एका सेकंदात असे २० टिक होतात, आणि एका टिकातले सर्व काम ५० मिलिसेकंदांच्या आत उरकावे अशी अपेक्षा असते. स्मृतीतून उतरविलेल्या, म्हणजे अनलोड झालेल्या, चंकात टिक पोहोचत नाही. भट्टीतला कोळसा जळत नाही, हवेतला बाण हवेतच राहतो, शेतातले पीक वाढत नाही. जगाचे सार्वत्रिक घड्याळ मात्र चालूच असते. त्याचा २४,००० टिकांचा, म्हणजे आपल्या २० मिनिटांचा, दिवस उगवतो आणि मावळतो, आणि चंक पुन्हा जागा झाला म्हणजे मधल्या काळाची भरपाई करण्याची तसदी खेळ सहसा घेत नाही. प्रत्येक चंकाच्या फायलीत तो शेवटी कोणत्या टिकाला जतन झाला याची नोंद असते खरी, पण त्या नोंदीवरून हिशेब मागणारा कोणी नसतो. सार्वत्रिक काळ आणि स्थानिक काळ यांच्यातील ही तूट हीच या शास्त्राची मूळ अडचण आहे, आणि माझ्या मते त्यातील सौंदर्यही तेथेच आहे.

त्यातही जागृती आणि निद्रा यांच्यामध्ये पायऱ्या आहेत. २०१९ च्या १.१४ या आवृत्तीने प्रत्येक लोड झालेल्या चंकाला एक पातळी मुक्रर केली: ३१ वा त्याखालील पातळीवर ठोकळे आणि प्राणी दोन्ही हलतात; ३२ वर ठोकळ्यांचे व्यवहार चालतात पण प्राणी निश्चल राहतात, आणि अशा चंकास खेळाडू लेझी चंक म्हणतात; ३३ वर चंक स्मृतीत असतो, त्यातील ठोकळा वाचता-बदलता येतो, परंतु तेथे आपणहून काहीही घडत नाही. आपले रेडस्टोनचे, म्हणजे खेळातल्या विजेसारख्या संदेशवहनावर चालणारे, यंत्र दोन निरनिराळ्या पातळ्यांच्या सीमेवर बांधले गेले, तर त्याचा अर्धा भाग धावतो आणि अर्धा गोठतो, आणि खेळाडू परतेपर्यंत ते कायमचे अडकून बसलेले असते. यंत्र उत्तम असूनही का बंद पडले या विवंचनेत नवशिक्यांचे कितीतरी दिवस जातात, आणि उत्तर बहुधा चंकाच्या सीमारेषेवर सापडते.

स्वयंचलित आज्ञांचा इतिहास चंकांच्या इतिहासापेक्षा अलीकडचा आहे. कमांड ब्लॉक, म्हणजे आपल्या पोटात लिहून ठेवलेली आज्ञा रेडस्टोनचा इशारा मिळताच बजावणारा ठोकळा, २०१२ च्या ऑक्टोबरात १.४.२ या आवृत्तीबरोबर आला. प्रारंभी त्याचा उपयोग साहसी नकाशांत खेळाडूला एका ठिकाणाहून दुसरीकडे पोचविणे, बक्षीस देणे, संवाद दाखविणे एवढ्यापुरताच होता. २०१४ च्या १.८ आवृत्तीत एका हुकमासरशी मोठे क्षेत्र भरणारी फिल, त्याची नक्कल करणारी क्लोन, आणि दुसऱ्याच्या जागी उभे राहून हुकूम सोडू देणारी एक्झिक्यूट या आज्ञा दाखल झाल्या, आणि सारे चित्र पालटले. ठोकळा दर टिकाला आपणहून चालावा अशी सोय अजून नव्हती. म्हणून कारागिरांनी फिल आज्ञेनेच रेडस्टोनचा ठोकळा वारंवार घालून-काढून सेकंदाला वीस ठोके देणारी घड्याळे बनविली. २०१६ च्या १.९ आवृत्तीने पुनरावर्ती आणि साखळी कमांड ब्लॉक देऊन ती खटपट अनावश्यक केली. त्याच वर्षी सेथब्लिंग या नावाने प्रसिद्ध असलेल्या कारागिराने कमांड ब्लॉकांच्या साह्याने अटारी २६०० या जुन्या खेळयंत्राचे अनुकरण माइनक्राफ्टमध्ये उभे करून दाखविले, आणि या ठोकळ्यांची मर्यादा कोठवर ताणता येते याविषयी कोणाला शंका उरली नाही.

परंतु कमांड ब्लॉक हा अखेर ठोकळाच. तो ज्या चंकात बसला तो चंक झोपला की त्याच्या पोटातला हुकूमही झोपतो. आणि तो स्वतः जागा असला तरी त्याने ज्या मुलखास हुकूम केला तो मुलूख जागा असेलच असे नाही. या दोन अडचणी सर्वस्वी भिन्न आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळे जितका घोटाळा माजला आहे तितका क्वचितच दुसऱ्या कशामुळे माजला असेल. हुकूम देणाराच झोपला असेल तर काहीच घडत नाही. घेणारा झोपला असेल तर ठोकळा ठेवू पाहणारी आज्ञा ती जागा लोड झालेली नाही असे सांगून परत येते. ही दुसरी परिस्थिती निदान प्रामाणिक म्हणता येईल, कारण निरोप तरी मिळतो.

तिसरी परिस्थिती सर्वांत घातक, आणि तिच्याकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे. प्राण्यांचा शोध घेणारा निवडकर्ता, ज्यास आज्ञालेखक ॲट-ई म्हणतात, केवळ लोड झालेल्या चंकांतील प्राणीच पाहतो. दूरच्या किल्ल्यात आपण एक खुणेचा प्राणी उभा केला आहे, आणि खूण नसेल तर नवी उभी कर असा हुकूम दर टिकाला चालू आहे, अशी कल्पना करा. किल्ल्याचा काही भाग झोपला की खूण दृष्टीआड होते. आज्ञा समजते की खूण नाहीच, आणि जाग्या भागात दुसरी उभी करते. पुढे सारा किल्ला जागा झाला म्हणजे दोन खुणा दिसतात, दोन्ही आपापले काम करू लागतात, आणि दुप्पट शत्रू, दुप्पट बक्षिसे, दुप्पट दरवाजे असा अनर्थ ओढवतो. येथे कोणतीही तक्रार होत नाही, कोणताही निरोप येत नाही. वस्तू नाही आणि वस्तू दिसत नाही या दोहोंतील भेद यंत्राला शिकविल्याशिवाय कळत नाही, आणि तो शिकविण्याचे सरळ साधन, एखादी जागा लोड आहे किंवा कसे हे विचारणारी एक्झिक्यूटची अट, २०२३ च्या १.१९.४ आवृत्तीपर्यंत जावा आवृत्तीच्या आज्ञालेखकाजवळ नव्हते. इतकी वर्षे हा भेद आडमार्गाने ओळखावा लागला ही गोष्ट मला आजही आश्चर्याची वाटते.

या अडचणींवर जे उपाय निघाले त्यांतून निरनिराळे संप्रदाय निर्माण झाले. सर्वांत जुना संप्रदाय जन्मस्थानाच्या आश्रयाचा. जगाच्या आरंभबिंदूभोवतीचे चंक, ज्यांना स्पॉन चंक म्हणत, खेळाडू कितीही दूर गेला तरी लोड राहत.  नकाशा रचणाऱ्या बहुतेक प्रत्येकाने आपल्या घड्याळांचा आणि कमांड ब्लॉकांचा कारखाना तेथेच बसविला, आणि ही परंपरा इतकी रूढ झाली की नवशिक्याला दिला जाणारा पहिला सल्ला हाच असे. त्याने हुकूम देणाऱ्याची अडचण सुटली. घेणाऱ्याची जशीच्या तशी राहिली.

दुसरा संप्रदाय युक्तीबाजांचा. हॉपर नावाचा माल सरकविणारा ठोकळा चंकाच्या सीमेवर ठेवला तर शेजारच्या चंकात डोकावताना तो चंक लोड होतो, हे कोणाच्या तरी ध्यानात आले आणि हॉपरच्या रांगांनी दूरचे मुलूख जागे ठेवले जाऊ लागले. १.१४ ने तो मार्ग बंद केला. परंतु नेदर या खेळातल्या दुसऱ्या जगाच्या दारातून एखादा प्राणी वा वस्तू गेली की पलीकडचे चंक ३०० टिक, म्हणजे १५ सेकंद, जागे राहतात, या नियमावर तिचा पुन्हा पुन्हा फेरा घडविणारी यंत्रे त्याची जागा घेऊन बसली. २०२४ च्या १.२१.२ मध्ये खेळाडूने फेकलेला एंडर पर्ल नावाचा मोतीही आपल्याभोवतीचा मुलूख जागा ठेवू लागला. आज्ञांचा अधिकार नसलेल्या खेळाडूने केवळ खेळाच्या नियमांतून हे साधावे यातील बुद्धिवैभव मान्य केलेच पाहिजे, आणि या ग्रंथात त्याची उपेक्षा केलेली नाही. तथापि ज्याच्या हाती आज्ञेचा अधिकार आहे त्याने या मार्गाला जाऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे, कारण पुढच्या आवृत्तीत तो राहील याची हमी कोणीच देत नाही.

२०१८ च्या ऑगस्टात १.१३.१ बरोबर फोर्सलोड ही आज्ञा आली आणि जी गोष्ट युक्तीने साधत होती ती सनदशीर झाली. एका हुकमात २५६ चंकांपर्यंतचे क्षेत्र कायमचे जागे ठेवावे, सर्व्हर बंद होऊन पुन्हा सुरू झाला तरी ते ध्यानात राहावे, आणि काम संपताच ते मोकळे करावे, अशी ही तरतूद. तिच्या आगमनाने तिसरा संप्रदाय उदयास आला, आणि त्याच्यासंबंधी मला सर्वांत जास्त लिहावेसे वाटते, कारण त्यात सर्वांत जास्त गैरवापर झाला. सारे जागे ठेवले म्हणजे सारे प्रश्न मिटले, अशा समजुतीने लोकांनी शेकडो चंक जागे केले, मोकळे करायला विसरले, आणि मग ५० मिलिसेकंदांची मुदत टळू लागली की दोष सर्व्हरच्या माथी मारला. शिवाय जागे ठेवलेला चंक म्हणजे खेळाडूने भेट दिलेला चंक नव्हे: प्राण्यांची नैसर्गिक उत्पत्ती खेळाडूच्या सान्निध्यावर अवलंबून असते, आणि पिकांची वाढही दीर्घ काळ तशीच होती. २०२१ च्या १.१७ आवृत्तीपासून प्राणी निराळ्या फायलींत साठविले जातात. त्यामुळे चंक जागा करण्याचा हुकूम देऊन त्याच टिकात त्यातील प्राण्यांना हाक मारणाऱ्यास बहुधा उत्तर मिळत नाही, काही टिक थांबावे लागते. आणि १.२१.२ पासून स्वतंत्र सर्व्हरवर कोणीच खेळाडू नसेल तर नेहमीच्या मांडणीत ६० सेकंदांनी सबंध जगच तहकूब होते. मग जागे ठेवलेले चंकही काय करणार?

चौथा विचार यांहून मुळात निराळा, आणि माझा कौल त्याच्या बाजूला आहे. २०१७ च्या १.१२ मध्ये फंक्शन, म्हणजे आज्ञांची लिखित यादी, आणि पुढील वर्षी १.१३ मध्ये डेटापॅक आले. दर टिकाला चालणारे फंक्शन कोणत्याही ठोकळ्यात बसत नाही, म्हणून ते झोपण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. हुकूम देणारा स्थलनिरपेक्ष झाला. त्याच्या जोडीला गुणफलकावरचे, म्हणजे स्कोअरबोर्डवरचे, अंक होतेच, १.१४ मध्ये काम पुढच्या मुदतीवर ढकलणारी शेड्यूल आज्ञा आली आणि १.१५ मध्ये कोणत्याही चंकाशी निगडित नसलेला साठा, ज्यास स्टोरेज म्हणतात, उपलब्ध झाला. या साधनांचे खरे मर्म असे, की दूरच्या शेतातील पीक वाढविण्यासाठी शेत जागे ठेवण्याची गरजच उरत नाही. शेत झोपताना सार्वत्रिक घड्याळाचा टिक साठ्यात लिहून ठेवावा. कोणी परत आला की दोन टिकांतील अंतर काढावे, आणि मधल्या काळात जेवढे वाढले असते तेवढे पीक एकाच हुकमात उभे करावे. शंभर शेते असोत की दहा हजार, झोपेत असताना त्यांचा खर्च शून्य. व्यापारी पेढ्या, वाढणारी गावे, कालांतराने ढासळणारे बुरूज या सर्वांना हीच रीत लागू पडते. जेथे दोन दूरच्या गोष्टींचा परस्परांवर खरोखर तत्काळ परिणाम व्हावयाचा आहे, तेवढ्याच ठिकाणी मोजके चंक थोड्या मुदतीपुरते जागे करावेत आणि काम होताच सोडावेत.

बेडरॉक आवृत्तीत, जी मोबाइलवर आणि खेळयंत्रांवर चालते, हाच प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला आहे. तेथे टिकिंगएरिया नावाची आज्ञा ठरावीक क्षेत्र जागे ठेवते, पण एका जगात अशी दहाच क्षेत्रे ठेवता येतात. ही तंगी प्रथम जाचक वाटते, परंतु तिनेच तेथील कारागिरांना काटकसर शिकविली. त्याहून मोलाची गोष्ट ही, की अमुक क्षेत्र लोड होताच अमुक फंक्शन चालव अशी नोंद शेड्यूल आज्ञेने तेथे करून ठेवता येते. झोपलेल्या मुलखाला उद्देशून काढलेला हुकूम परत न येता त्याच्या उंबरठ्यावर थांबतो आणि जाग येताच बजावला जातो. जावा आवृत्तीत जे आपल्याला हाताने रचावे लागते ते येथे खेळाच्याच पदरी आहे, आणि या बाबतीत धाकट्या भावाने थोरल्यास मागे टाकले असे मी निःसंकोच म्हणेन.

हा ग्रंथ आताच का, याचे उत्तर सोपे आहे. २०२४ च्या १.२०.५ आवृत्तीत स्पॉन चंकांचा परिसर पूर्वीच्या मानाने फारच आखडला गेला आणि तो वाढविण्याचा नियम खेळाडूच्या हाती दिला गेला. २०२५ च्या १.२१.९ मध्ये स्पॉन चंकांची सारी व्यवस्थाच काढून टाकण्यात आली. त्यांच्या भरवशावर उभे असलेले असंख्य जुने नकाशे नव्या आवृत्तीत उघडले की त्यांची घड्याळे खेळाडू दूर जाताच थांबतात. ज्यांनी वर्षे खर्ची घालून ही जगे रचली त्यांची हळहळ मी समजू शकतो, आणि ती जगे वाचविणे हे आपले कर्तव्य आहे असे मानतो. पण निर्णय योग्यच होता असेही मला वाटते. कोणी न मागता सदैव जागा राहणारा मुलूख ही प्रत्येक जगाने, त्याला गरज असो वा नसो, भरावयाची पट्टी होती. आता ज्याला जे जागे हवे त्याने ते नाव घेऊन मागावे, आणि त्याचा भार स्वतः उचलावा.

प्रस्तुत ग्रंथ केवळ आज्ञांचा कोश नाही. आज्ञांची रूपे आवृत्तीगणिक बदलतात, १.१३ ने एक्झिक्यूटचे सारे व्याकरण बदलले तेव्हा त्यापूर्वीची कितीतरी टिपणे एका दिवसात निरुपयोगी झाली. म्हणून येथे प्रत्येक रचनेच्या आधी चार प्रश्न विचारण्याची शिस्त पाळली आहे: हुकूम कोठे राहतो, तो कोणत्या मुलखास लागू आहे, तो मुलूख झोपलेला असेल तर हुकमाने काय करावे, आणि जाग आल्यावर राहिलेला हिशेब कोणी मिटवावा. या प्रश्नांची उत्तरे ज्याने लिहून काढली त्याला उद्याच्या आवृत्तीतील बदललेले शब्द आत्मसात करण्यास फार वेळ लागणार नाही. विवेचन जावा आवृत्तीला धरून केले आहे, आणि बेडरॉकची वाट जेथे निराळी आहे तेथे ती स्वतंत्रपणे दाखविली आहे. आजवर हे ज्ञान खेळाडूंच्या चर्चांत, चित्रफितींत आणि परभाषेतल्या टिपणांत विखुरलेले राहिले. आपल्याकडील शाळकरी मुलगा किंवा मुलगी पहिली प्रणाली लिहावयास याच खेळाच्या निमित्ताने बसत असेल, तर स्मृती, काळ आणि उपस्थिती यांचा विचार त्याला वा तिला मातृभाषेतून करता यावा ही या उद्योगामागील मुख्य प्रेरणा आहे. येथील प्रयोग करताना वाचकाने आपल्या जगाची प्रत आधी बाजूला काढून ठेवावी, ही एकच अट मी घालतो.

एक प्रश्न मात्र बुद्धिपुरस्सर बाहेर ठेवला आहे. पेपर या पर्यायी सर्व्हर बनविणाऱ्या प्रकल्पाने २०२३ मध्ये पुढे आणलेल्या फोलिया या सर्व्हरमध्ये जगाचे लोड झालेले मुलूख एकमेकांपासून अलग करून प्रत्येकाचा टिक स्वतंत्रपणे चालविला जातो. तेथे दोन जागे मुलूखही एकाच क्षणी असतील असे गृहीत धरता येत नाही, आणि एका मुलखातून दुसऱ्यास हुकूम देणे ही सरळ आज्ञा न राहता निरोपाची देवघेव बनते. या ग्रंथातील सर्व विवेचन सबंध जगाला एकच टिक आहे या गृहीतकावर उभे असल्यामुळे त्या सर्व्हरवर ते तसेच्या तसे लागू पडणार नाही. त्यासाठी निराळा पाया आणि निराळा ग्रंथ लागेल.